हेडाऊमामा मूकपट पाहतात

मे महिना. गोळीबार चौकात ऊन असं
की पानठेल्याचा पोरगाही ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसलेला.
कूलर घरघरतो, खसाच्या ताट्यांतून पाणी टपकतं,
या गलक्यात कोणाचा संवाद कोणाला ऐकू येणार?
म्हणून मी लॅपटॉपवर मूकपट आणलाय.
दोनच रिळं उरलीत. नाव गेलंय, शेवट गेलाय,
दिग्दर्शक कोण, ते बुरशीनं खाल्लंय.

मामांना तसंही ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं मिलच्या साळखात्यात,
एका छताखाली चारशे माग.
कान तिथंच राहिले, म्हणतात,
डब्याच्या पिशवीसोबत खुंटीवर.

घोड्यावर एक माणूस. मग खोलीत ती.
पुन्हा घोडा. पुन्हा ती, पलंगाच्या कडेला.
मी वहीत लिहून दाखवते : समांतर संकलन.
यासाठी मी दोन वर्षं फी भरली आहे.
मामा चष्मा कपाळावर चढवतात.
"हे त धोटाच हाये ना बाई.
इकडून मारला का तिकडं, तिकडून इकडं,
तवा कुठं लुगडं होते."
मग दोन्ही मुठींत हवेतलं सूत ताणून धरतात.
घोडा पोचला की ताण सुटला.
"याले मालूम होतं, कधी पोचू द्याचं नाई."

नवरा घर सोडून जातो ते दाखवलेलंच नाही.
आधी खुंटी आणि तिच्यावर पागोटं.
मग नुसती खुंटी.
मामांनी मांडीवर अशी थाप मारली
की चहाची बशी हलली.

आणि आता पाटी, पांढरी अक्षरं, कडेला वेलबुट्टी :
"नाथ, जन्मभर वाट पाहीन."
मामा हसायला लागले.
मागे घे, अशी खूण केली. मी घेतलं. अजून एकदा.
साळखात्यात सगळे ओठांवरच बोलायचे,
पगार, शिव्या, पोरीची सोयरीक,
सगळं चार माग ओलांडून, आवाजाशिवाय.
"असं नाई म्हणून रायली ते.
ते म्हणते, लवकर करा हो, पाय भाजून रायले."

मी पाहिलं. बिनछपराची खोली, उघडं ऊन,
नायिकेची मनगटं चांगली पुरुषाची,
आणि एक पाऊल दुसऱ्या पावलावर चढतं, उतरतं,
पुन्हा चढतं.
किती वेळा मी हे पाहिलं होतं
आणि तिला विरह म्हणून दहापैकी आठ गुण दिले होते.
"त्यानं काहाडलं नाई पण," मामा म्हणाले,
"ठेवलं. पाय भाजनं अन् वाट पाहनं
दुरून एकसारखंच दिसते."

पहिलं रीळ तुटतं एका फाटकापाशी.
बंद फाटक, त्यावर ओरखडे, पांढरे ठिपके, मग काहीच नाही.
मी दुसरं शोधायला लागले.
मामा उठले.

डबा नव्हता, पण त्यांनी तो उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.
मनगटाकडे पाहिलं.
वर पाहिलं, जिथून भोंगा यायचा.
आणि एक चप्पल काढून
तळवा फरशीवर टेकवला.
बहिऱ्या माणसाला चारशे माग पायातून कळतात.
ते थांबले.
टाच उचलून पुन्हा टेकवली, जरा बाजूला,
जशी नाडी सापडत नाही तेव्हा
डॉक्टर बोट सरकवतो.

मी श्वास धरून होते.
पाटीची वाट पाहत होते, खरं सांगायचं तर.
ती त्यांनी घातली नाही.

चप्पल पायात सरकवली,
खुर्चीत बसले, चष्मा नाकावर आणला.
"लाव दुसरं," म्हणाले,
"तिचा घोडेवाला अजून रस्त्यातच हाये."